कोऱ्या राहिलेल्या काचा

मंगळवार, ४ मार्च
म्हणे "रंग बसला नाही"! बावीस वर्षं या प्रयोगशाळेत काचा रंगवतोय. पदवी नाही, मान्य — पण तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून तीन मायक्रॉनची, केसाहून कितीतरी पातळ फीत काढायला हात लागतो, पदवी नाही. एका पेशंट बाईच्या छातीतल्या गाठीचा सुईने काढलेला तुकडा, दोऱ्याएवढा. शेजारी पडताळणीला टॉन्सिलचा. खूण असेल तिथे तपकिरी रंग उठतो. टॉन्सिल झकास तपकिरी, बाईचा तुकडा कोरा. म्हणजे पेशींवर ती खूणच नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, लिम्फोमा दिसतोय, लसिकापेशींचा कॅन्सर, आणि त्याची नेहमीची खूण नाही, असं कसं? परत करा."

बुधवार, ५ मार्च
परत केलं. कोराच.
घरी चिडचिड केली. ही म्हणाली, "रंगाची एवढी हौस आहे तर स्वयंपाकघराची भिंत काढा रंगवायला. दोन वर्षं सांगतेय."

गुरुवार, ६ मार्च
तिसऱ्यांदा केलं. कुणी सांगितलं नव्हतं. आठ फिती कापल्या, सर्वांत देखणी घेतली, सात फेकल्या. तिन्ही काचा डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मांडल्या. बघा म्हटलं.
रिपोर्टच्या खिडकीशी पेशंट बाईचा नवरा. लेथवर काम करतो. तीन मायक्रॉन ऐकून म्हणाला, "साहेब, आमच्याकडे या की कामाला." मग हळूच — "पुन्हा सुई नाही ना घालायची? मागच्या वेळी फुप्फुस बसलं तिचं."
नाही म्हटलं. ठामपणे.

शनिवार, ८ मार्च
काचा बाहेरच्या थोरल्या डॉक्टरांनी पाहिल्या. त्यांचा निरोप : रंग बरोबर आहे. काही लिम्फोमांवर नेहमीच्या खुणा नसतातच. आणखी दोन खुणा तपासा. दुसरी उठली तर त्यावर नेमकं औषध आहे.
"काका, चुकलं माझं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाच मिनिटं मी राजा.
मग ठोकळा यंत्रावर चढवला. नुसतं मेण. तुकडा संपला होता — मीच संपवला होता.

सोमवार, १० मार्च
डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाल्या, "आता?"
उपाय एकच. कोऱ्या राहिलेल्या काचांवर दुसरा रंग चढवता येतो. त्या तीन काचा कपाटात कुलपात होत्या — मी बरोबर होतो याचा पुरावा. दोन काढल्या, डिंक विरघळवणाऱ्या झायलीनमध्ये सोडल्या. वर चिकटवलेली पातळ काच सुटायला दिवस जाईल. तिसरी हात घसरला तर म्हणून ठेवली. माझा हात!

बुधवार, १२ मार्च
दुसरी खूण उठली. गडद तपकिरी.
खिडकीशी नवरा म्हणाला, "नशीब, तुम्ही काचा जपून ठेवल्यात." माझा हात धरून ठेवला.
सात फितींचं मी बोललो नाही.