रविवारी गाभोळी

सोमवार, ४ जून. सकाळी ७.
बायकोचा मेसेज. रविवारी अकराला भावाला घेऊन शिलाई मशीन न्यायला येते आहे. तीन महिने माहेरी, आणि आता एकदम मशीन? निमित्त! बायकांना सरळ 'परत येते' म्हणता येत नाही. संकल्प: तळ्यातला मासा स्वतः धरायचा, त्याच्या पोटातली अंड्यांची गाभोळी तळून तिला वाढायची. लग्नानंतर कशी तुटून पडायची गाभोळीवर!

मंगळवार.
गळ आणला. तळ्यावर पाच तास. मिळकत: सर्दी. शेजारच्या रिटायर्ड कंपाउंडरला सहा मासे. म्हणाला, तुमची सावली पाण्यात पडते, मागे सरका. सरकलो नाही. पहिल्याच दिवशी कोणाचं ऐकलं की सवय लागते.

बुधवार.
तिला फोन करून गाभोळीचं सांगितलं. म्हणाली, अहो, गाभोळी तुम्हाला आवडायची, मी माझ्या ताटातली तुम्हाला द्यायचे. अजून किती लाजते!

गुरुवार.
मासा लागला! पोटात पांढरीशुभ्र, मऊ गाभोळी. मिरवायला कोपऱ्यावरच्या मासेवालीकडे नेली. ती म्हणाली, साहेब, हा बाप्या आहे, ह्याला कुठली गाभोळी? गिऱ्हाइकं हसली. मला आधीच माहीत होतं असं वाटावं म्हणून मीही हसलो.

शुक्रवार.
मागे सरकून बसलो (उन्हामुळे). मादी मिळाली, पोट टम्म! कापताना कात्री जरा खोल गेली, पित्ताची पिशवी फुटली. सगळं हिरवं. गाभोळी तीनदा धुतली, तासभर मिठाच्या पाण्यात ठेवली. किंचित कडवट. कडू पोटाला चांगलं.

शनिवार.
रंगीत तालीम. अर्धी तळली. ताडताड फुटली. थोडी भुवईवर, बाकी भिंतीवर. कंपाउंडर म्हणाला, आधी सुईने टोचायची हो, आणि आच मंद. सुई मशीनच्या खणात सापडली. बॉबिनी रंगवार लावलेल्या. खण बराच वेळ उघडा ठेवला. कारण काही नाही.

रविवार. सकाळी १०.३०.
उरलेली टोचून, हळद-मीठ लावून मंद तळली. फुटली नाही! दोन ताटं मांडली. मेहुण्याला फक्त चहा.

दुपारी १.
आली. बसली नाही. मी ताट पुढे केलं. उभ्यानेच एक तुकडा खाल्ला, पाणी मागितलं. कडू आहे असं म्हणाली नाही. विचारलं, रोज जाता तळ्यावर? हो म्हटलं. म्हणाली, बरं झालं, एकट्याने दिवस कसा काढाल याची मला काळजी होती, आता काहीतरी आहे तुम्हाला. अगदी मायेने म्हणाली. रागावली असती तर समजूत काढता आली असती.
मेहुण्याला मशीन एकट्याला झेपेना. दुसरं टोक मीच धरलं. जिन्यात वळताना सांभाळून, असंही मीच म्हटलं.

सोमवार, ११ जून.
उरलेली गाभोळी संपवली. कडूच होती. आज काही ठरवलेलं नाही.