सायली आता गप बसते

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा तमाशा! शाळेची रिक्षा दारात, कडुबा हॉर्नवर हॉर्न मारतोय, आन आमची सायली चौकटीला धरून उभी. एकेक बोट सोडवलं तर दुसऱ्या हातानं धरती. सहा वर्षांचं लेकरू, पण ताकद बघा! शेवटी पाठीत एक ठेवून दिली. तवा कुठं सोडलं.

मोनिका पहिल्या पाळीला गेलेली. लेक माझी वाळूजच्या कंपनीत मशीनवर उभी राहती आन तिच्या लेकीचं समदं माझ्या माथी. जावई दुसरीकडं संसार मांडून बसलाय. त्याचं नाव ह्या डायरीत घालायचं नाय.

घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणल्या होत्या, ऑटिझम हाय. ह्या लेकरांना आवाज सोसत नाय, घाईगडबड सोसत नाय. आसंल. मला बी लई काय काय सोसत नाय, मी कोणाला सांगू?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळेतल्या मॅडमचा निरोप — सायली आता छान शांत बसते.

ऐका! दिवाळीच्या आधी हीच बाई म्हणत होती, प्रार्थनेचा स्पीकर लागला की किंचाळती, बाकाखाली शिरती, बाकीच्या लेकरांचं नुकसान होतं, दाखला घेऊन जा. मी मोनिकाला तवाच बजावलं, दाखला घरात आणायचा नाय. मला बापानं चौथीतून काढलं, धाकटी भावंडं सांभाळायला. आज बँकेत गेले तर शेजारच्या पोराला विचारावं लागतं, सही कुठं करू. आपल्या माणसांनी शाळेसाठी काय काय सोसलं ते विहारात दर रविवारी ऐकते. आन हिनं बाकावर बसायला रडावं?

बसते म्हणे आता. बरं झालं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सायलीला आपलं बोलता येत नाय. ऐकलेलं बोलती — जसंच्या तसं, आवाजासकट. टीव्हीतली साबणाची जाहिरात, भंगारवाल्याची हाक, माझी शिवी. आता मॅडम आली अंगात. "ओठावर बोट! हात मागे! पाणी नंतर!" हुबेहूब!

शेजारची गीताबाई तर पोटाला धरून हसती. म्हणली, "म्हण गं सायले, मॅडम कशी ओरडती?" आन वर चॉकलेट. ओट्यावर समद्या बाया जमल्या. मी बी हसले. म्हणलं, बोलायला तर लागलं लेकरू. शाळेनंच केलं ना?

४ डिसेंबर, गुरुवार

दिवसभर लघवीला जात नाय शाळेत. घरी येती ती पाय आवळत, आन दारातच होतं समदं. रातच्याला अंथरूण ओलं. हे मागच्याच वर्षी सुटलं होतं! मी लई बोलले. ऐकलं का न ऐकल्यासारखं केलं, देव जाणे. आन देव तर आम्ही मानत नाय.

मोनिकाला म्हणलं, मॅडमला विचार जरा. म्हणली, विचारते. दमून आली होती. तशीच झोपली.

९ डिसेंबर, मंगळवार

स्वेटरची बाही चावून चावून जाळी केली. नवा होता! शहागंजातून आणलेला, घासाघीस करून.

११ डिसेंबर, गुरुवार

कडुबा म्हणला, "आजी, नातीचं बघा. शाळेचं गेट दिसलं की अंग थरथरतं तिचं. उतरवताना बर्फासारखे गार हात."

म्हणलं, तू रिक्षा चालव.

मंग दिवसभर तेच डोक्यात.

१६ डिसेंबर, मंगळवार

नवीन खूळ. शाळेतून आली की पलंगाखाली जाती. आधी लाईट बंद करती — स्टुलावर चढून. मंग भिंतीकडं तोंड करून बसती, हात मागं. हाक मारली तर हालत नाय. ओढून काढलं तर डोकं आपटून घेती. लाह्या दिल्या, त्याच तिच्या आवडीच्या. तशाच पडल्या.

लपाछपी खेळत असंल म्हणून सोडून दिलं. पण लपाछपीत लेकरू हसतं की.

२२ डिसेंबर, सोमवार

साबणाची जाहिरात बंद. भंगारवाला बंद. आता एकच घोकती. "गप झालीस की उघडते. गप झालीस की उघडते."

मला वाटलं, डबा. मधल्या सुट्टीत गडबड करत असतील पोरं, म्हणून मॅडम डबे उघडू देत नसंल. मोनिकाला म्हणून दाखवलं तर ती एकदम उठून मोरीत गेली. लई वेळ नळ चालू.

मॅडमचा निरोप आलाच — प्रगती चांगली आहे.

२९ डिसेंबर, सोमवार

विहारात सावित्रीमाईच्या जयंतीचा कार्यक्रम हाय. दरवर्षी पोरी काठाची साडी नेसून, मोठं कुंकू लावून स्टेजवर येतात — मी सावित्री बोलतेय! औंदा मी सायलीचं नाव दिलं. बाया म्हणल्या, जमंल का तिला? म्हणलं, ऐकलेलं बोलती ना? मी रोज तिच्या कानात घोकते. "मी सावित्री बोलतेय. पोरींनो, शाळेत या." आज दोनदा बरोबर म्हणली. माझ्याच आवाजात! येऊ द्या समद्यांना. बघू द्या, आमची पोरगी येडी नाय.

३ जानेवारी, शनिवार



साडी छान नेसवली होती. स्टेजवर नेलं. माइकनं शिटी मारली — च्यूंऽऽ! सायलीनं कान दाबले. मी खालून खुणावते, म्हण, म्हण. तिनं हात काढले, मागं बांधले. आन मॅडमच्या आवाजात बोलली. पार स्पीकरवरून, गल्लीपर्यंत.

"रड. किती रडायचं ते रड. लाईट बंद. दार उघडणार नाही."

माणसं हसली! मागं कोणीतरी टाळ्या वाजवल्या. गीताबाई ओरडली, "आता पुढचं म्हण गं!"

आन सायलीनं पुढचं म्हणलं. पण ते मॅडमच्या आवाजात नव्हतं. कोणाच्याच नव्हतं. सहा वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नाय.

"आजी. आजी. आजी ये. आजी."

कोणी हसलं नाय मंग. मी स्टेजवर कशी चढले ठाऊक नाय. उचललं तर लाकूड. घरी येईपर्यंत लाकूडच.

डबा म्हणे! मी डबा समजले!

४ जानेवारी, रविवार

मोनिकाला काल जादा पाळी होती, तिनं काय बघितलं नाय. आज सांगितलं समदं. भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"लेकरं कायबी बोलतात, आई."

म्हणलं, आपलं लेकरू कायबी बोलत नाय. ऐकलेलंच बोलतं.

भाकरी करपली. तिनं उलटली नाय, मी उलटली.

५ जानेवारी, सोमवार

सायलीला पाठवलं नाय. गीताबाईपाशी ठेवलं आन मी एकटी गेले. पदर खोचूनच. शिपायानं अडवलं, त्याला बाजूला केलं.

मॅडम पोरगीच हाय, मोनिकाच्याच वयाची. मला वाटलं, नाकबूल होईल. तर म्हणती, "या ना आजी, दाखवते."

जिन्याखाली खोली. खेळाचं सामान, ढोल, सतरंज्या. खिडकी नाय. "शिक्षा नाही हो. तिला आवाज सहन होत नाही ना, म्हणून शांत जागा. बघा, केवढी सुधारली."

म्हणलं, मंग कडी बाहेरून कामून?



मी दार ओढून घेतलं आन आत उभी राहिले. आपल्या मनानं. थोडाच वेळ. तेवढ्यात घंटा झाली — भिंतीतूनच येती ती, दातांपर्यंत. ही शांत जागा! हातानं चाचपलं, तर दाराच्या आतल्या अंगाला रंग नाय. खालीच. माझ्या गुडघ्याच्या वर जरासं, लेकराची नखं पोचतील तेवढाच.

बाहेर येऊन असं बोलले की दोन वर्गांतली पोरं दारात आली. तुमच्या लेकराला कोंडू का? पोलिसात जाऊ का? मॅडम रडायला लागली. म्हणली, "चाळीस पोरं आहेत माझ्याकडे, आजी. एकटी मी. आणि आम्ही आपल्या मनानं काही केलेलं नाही. तिच्या आईला विचारा."

खोटारडी! आपलं झाकायला माझ्या लेकीवर ढकलती!

रिक्षानं येताना मात्र ते मोरीतलं नळाचं पाणी ऐकू यायला लागलं.

६ जानेवारी, मंगळवार

विचारलं. सायली आमच्या दोघींच्या मधी बसलेली, बाही तोंडात.

मोनिकानं वर बघितलं नाय. म्हणली, "दिवाळीनंतर मॅडमनी विचारलं होतं, दाखला नेता का खोलीत बसवू. मी खोली म्हणलं."