आतून सुलटं गेट

मु. पो. धसई, ता. मुरबाड

तीर्थस्वरूप देवजीदादा यांस धसईहून बारकूचा रामराम.

तुमची तब्येत, तुमचा गुडघा आणि तुमचा राग या तिन्हींची चौकशी करतो. पहिल्या दोन गोष्टी बऱ्या असतील असं धरून चालतो. तिसरी कशी आहे ते तुमच्या सूनबाईंकडून कळतं, कारण मी फोन केला की तुम्ही शेतावर असता. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, तरी तुम्ही शेतावरच! किन्हवलीत असं काय पिकतंय ते एकदा आम्हालाही दाखवा. असो. फोन न उचलणारा माणूसही पोस्टमनला दारातून हाकलत नाही, म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमची बहीण गेल्यापासून या घरात ठीक असं काही नाही. दीपेश कामावर जातो, सूनबाई प्रियांका वेळेवर जेवायला वाढते, म्हैस दूध देते आणि मी ओट्यावर बसून गेटकडे बघतो. त्या गेटवरूनच तुमचं-माझं वाजलं, तेव्हा त्याची हकीकत एकदा ऐकून घ्या. बाराव्याला तुम्ही ऐकून न घेता, पानावरही न बसता निघून गेलात.

गेट मूळचं माझ्या डोक्यातलं नाही. मुरबाडच्या रस्त्याला मुंबईवाल्यांची फार्महाउसं आहेत, त्यातल्या एका बागेत तुमची बहीण झाडांना पाणी घालायला जायची. तिथलं नक्षीचं लोखंडी गेट (मालक येतो दिवाळीपुरता, गेट मात्र बारा महिने थाटात उभं) तिच्या मनात भरलं. वळवलेल्या वेली, पानं, मधे मोर. आपल्यालाही तसंच हवं म्हणाली. मी म्हटलं, चोराने न्यावं असं आपल्याकडे आहे काय? तर म्हणे, "चोरासाठी नाय वो, येनाऱ्या-जानाऱ्यासाठी." आणि त्यावर नाव तिचं. मी तोंड उघडायच्या आत उत्तर तयार: "तुमचं सातबाऱ्यावर हाय ना? मंग माजं गेटवर टाका."

काम दिलं जगदीश वेल्डिंगवाल्याला. त्याने मोबाइलवर राजवाड्यांची गेटं दाखवली आणि आम्ही त्याला आमच्या अंगणाची रुंदी दाखवली. वेली त्याने झकास वळवल्या. मोरांच्या बाबतीत मात्र त्याचा हात आखडला. एक मोर झाला, दुसरा अंड्यावर बसायच्या बेतातली कोंबडी झाली. गेट लागलं तेव्हा ती कल्याणला इस्पितळात होती. दीपेशने अंगणात उभं राहून फोटो काढला आणि तिला नेऊन दाखवला. तिने एकेक अक्षरावर बोट ठेवून नाव वाचलं (प्रौढ शिक्षणाच्या वर्गात कमावलेली अक्षरं ती), कोंबडीला हसली आणि म्हणाली, घरी आले की गेटपाशी जुई लावू. घरी आली ती ॲम्ब्युलन्समधून. गेट तिने डोळ्यांनी पाहिलंच नाही. हे लिहिताना मला रडू येतंय, आणि ते लपवायला इथे कोणी नाही.

जगदीशने गेट आतलं बाहेर करून बसवलंय, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. पत्र्यातून कापलेली अक्षरं, अंगणातून बघितली तर सरळ, रस्त्यावरून बघितली तर उलटी. त्यात माणसांची ये-जा म्हणून गेट रात्रंदिवस सताड उघडं होतं. बाराव्याला जेवणावर कुत्री येऊ नयेत म्हणून पहिल्यांदा लावून घेतलं, आणि नेमके तुम्ही आलात. भर रस्त्यात ओरडलात, "माज्या भयनीचं नाव उलटं टांगलंस रे!" तेव्हापासून गावाला करमणूक झाली. एसटी हळू झाली की खिडक्यांतून माना बाहेर येतात. एकाने ती मोडी लिपी ठरवली, एका कॉलेजवाल्याने गुजराती, आणि कुरियरवाला तर पार्सल घेऊन परत गेला. आता तुमचा निरोप आलाय की वर्षश्राद्धाला तिकडचा वेल्डर घेऊन येतो आणि गेट फिरवून टाकतो.

दादा, फिरवू नका. एक तर खांबाचं सिमेंट फुटेल. शिवाय प्रियांकाने जुई लावलीय, ती वर चढलीय. शिवाय म्हैस त्या मोराला पाठ घासते, तिची गैरसोय होईल. (ही कारणं मलाही पटलेली नाहीत.) खरं सांगायचं तर, सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो की तिचं नाव माझ्याकडे तोंड करून असतं. फिरवलंत तर ते रस्त्याला वाचता येईल, मला नाही. रस्त्याची ती कोण लागत होती?

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, आणि तुमच्या रागाला लांबूनच दंडवत.

तुमचा,
बारकू

ता. क. वेल्डर आणलातच तर कोंबडीला पिसारा लावून घेऊ. बाकी कशाला हात लावू देणार नाही.

पुन्हा ता. क. वरचं सगळं गेटचं झालं. पत्र त्यासाठी नाही. मी तिला जन्मभर 'अगं', 'ऐकलंस का', नाहीतर 'दीपेशची आय' म्हटलं. आपल्यात बायकोचं नाव घेतं कोण? इस्पितळाच्या खिडकीवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हाही मी 'दीपेशची आय' असंच सांगितलं आणि मागची रांग हसली. आता रोज सकाळी गेटवरचं वाचून मोठ्याने म्हणून बघतो. गोजर. (प्रियांकाला वाटतं, मी फोनवर बोलतोय.) पण माझ्या तोंडी ते बसत नाही, परक्या बाईला बोलावल्यासारखं वाटतं. गावाला ती काकी, वहिनी, मामी. नावाने हाक मारणारे तुमचे आईबाप गेले, उरलात तुम्ही एकटे. भाऊबिजेला यायचात तेव्हा रस्त्यावरूनच 'गोजरे गो!' अशी आरोळी ठोकायचात, की अंगणातल्या कोंबड्या पांगायच्या. तशी एकदा येऊन मारा. वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका. गेट उलटं दिसेल, दिसू दे, तुम्हाला तिचं नाव थोडंच वाचून घ्यायचंय! फक्त आतून लगेच ओ आली नाही तर मागे फिरू नका. ओ मी देईन.