पाऊण तासाची वाट

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (हा शब्द मी आजवर रीत म्हणून लिहीत आलो. परवा रविवारी आठही अंगे एकाच वेळी जमिनीला टेकवण्याचा योग आला. त्यामुळे या खेपेस तो अनुभवाने लिहीत आहे.) भाऊजींच्या गुडघ्यांना उतार पडला असेलच. माझे दोन्ही सोलले आहेत, पण ते ओघाने येईल.

समुद्रकड्यावरच्या पाऊलवाटेविषयी मी लिहिलेली पुस्तिका तू शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवतेस, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून मला घास गोड लागेनासा झाला. ताई, त्या वाटेवर मी परवापर्यंत पाऊलही ठेवले नव्हते. प्रस्तावनेतले ‘लेखकाने ही वाट अनेकदा तुडवली आहे’ हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर, पंख्याखाली बसून लिहिले. पुस्तिका कशी झाली ते क्रमाने सांगतो, कारण पद्धत मुळात शास्त्रीय होती. मोठा नकाशा पसरायचा, आमच्या हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा वाटेच्या प्रत्येक वळणावर नीट बसवायचा, मग दोरा सरळ करून मोजायचा. अंतर निघाले तीन किलोमीटर, म्हणून वेळ लिहिला पाऊण तास. एवढेच ध्यानात आले नाही की दोरा कागदावर सपाट पडतो. वाट मात्र चार वेळा समुद्रापर्यंत उतरते आणि चारही वेळा पश्चात्ताप झाल्यासारखी परत चढते.

इथल्या फिरस्ते मंडळाने ‘लेखकांनी एकदा पुढे चालावे’ असा आग्रह धरला. मी एकदा खोकला सांगितला, एकदा कंबर, एकदा पुन्हा खोकला. चौथ्या वेळी मंडळाचे अध्यक्ष (व्यवसायाने बेकरीवाले, स्वभावाने पहाटेचे) गाडी घेऊन दारातच उभे राहिले. बावीस माणसे, प्रत्येकाच्या हातात माझी पुस्तिका!

पहिला टप्पा मी ऐटीत चाललो. लाटा खालचा मऊ खडक कशा पोखरतात आणि वरचा कठीण थर कसा पुढे आलेला राहतो, हे मी वर्गात एकतीस वर्षे आनंदाने शिकवले. तिथेही उत्साहाने शिकवू लागलो. ‘म्हणजे आत्ता आपण ज्यावर उभे आहोत, त्याच्या खाली काहीच नाही,’ हे वाक्य पूर्ण झाले आणि ते प्रथमच मला समजले. नमस्कार घडला तो इथे. दोन्ही मुठींत गवत, नाक मातीत.

मंडळात एक निवृत्त परिचारिका आहेत, वय बहात्तर. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. “अहो सर, गवत सोडा आधी. त्यानं तुम्हाला धरलेलं नाही, तुम्ही त्याला धरलंय.” मग त्यांनी माझा हात धरला, मला डोळे मिटायला लावले आणि चालता चालता माझीच पुस्तिका मला वाचून दाखवली. “पान सतरा. इथे थांबून डावीकडचा सुळका पाहावा.” मग म्हणाल्या, “सुळका उजवीकडे आहे, सर.” पाऊण तासाला साडेचार तास लागले. मागून बेकरीवाले दर चढावर विचारत, “सर, तुमचा तास किती मिनिटांचा असतो हो?”

तरीही सांगितल्यावाचून राहवत नाही. तिसऱ्या चढावर सिस्टर वाचता वाचता गप्प झाल्या, म्हणून मी एक डोळा उघडला. पाखरे आमच्या खाली उडत होती. ताई, पाखरांच्या पाठी मी कधी पाहिल्या नव्हत्या! वारा खालून वर येत होता, पायाखालचा दगड तळव्याला कळत होता, आणि पाऊल कुठे टाकावे यापलीकडे डोक्यात दुसरा विचार नव्हता; लाजसुद्धा नव्हती. यातले एक अक्षर माझ्या पुस्तिकेत नाही. मग मी डोळा मिटला आणि लाज परत आली. ती अजून गेलेली नाही.

तुझा,
तोंड लपवणारा धाकटा भाऊ

ता. क. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापायची आहे. सिस्टरांनी बजावले आहे : प्रस्तावनेतले ते वाक्य काढा, नाहीतर उघड्या डोळ्यांनी ती वाट चालून ते खरे करा. वाक्य मी काढले आहे. पण चालायचेही आहे.

ता. क. २. लहानपणी पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून मला तूच उतरवले होतेस, आणि घरी कुणाला सांगितले नाहीस. येत्या रविवारी येशील का? एक हात सिस्टर धरणार आहेत. दुसरा मोकळा आहे.

ता. क. ३. येताना हाताला तेल किंवा मलम लावू नकोस. मी फार घट्ट धरतो, पण घामही फार येतो.