दादाचे पाय मंचरकर बघणार

सयाजीदादा,

मंचरची पाहुणेमंडळी दुपारी तुला बघायला येतील. पोहे झाकून ठेवलेत. मी कळंबला मावशीकडं चालले.

लहानपणी तू मला चालत्या बैलगाडीतून ढकललंस. तुला मार बसेल म्हणून मी आजवर आईलाही सांगितलं नाही. परवा पुण्याचे डॉक्टर म्हणाले, गुडघ्यापाशी हाड जिथून वाढतं ती जागाच तेव्हा चेंगरली, म्हणून डावा पाय आखूड राहिला. तू मात्र मला बघायला येईल त्याला सांगत आलास, "जन्माचंच हाय, आमच्या घराण्यातच असतंय." आलेली स्थळं तशीच परत गेली.

थोरल्या भावाचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? मंचरकरांना मीही तेच कळवलंय. मुलीच्या मामांचा उलट निरोप आला, "मंग पोराला धोतर खोचून अंगणात चालवूनच बघू की!"

खुशाल ताठ चाल. पण मामांना घोर लागलाय तो होणाऱ्या नातवंडांच्या पायांचा. तेव्हा बैलगाडीचं तुला सांगावंच लागेल. जरा मोठ्यानं सांग, आईला मी दाराआडच बसायला सांगितलंय.

तुझी,
साळू