डब्याचा बोळा

कल्याण, डिसेंबर १९५४, शनिवार

आज हुतुतूच्या मैदानावर रेघा मी मारल्या. एरवी दादा मारायचा. तो विषमज्वराने गेला, त्याला अजून महिना नाही झाला. डबाही त्याचाच, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेला. सुतळी ताणली, डब्यात चुन्याची फक्की भरली आणि हलवत हलवत चाललो. तरी मधली रेघ वाकडीच आली. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येताना भोकांना चिंधीचा बोळा लावायचा राहिला. दादा कधी विसरायचा नाही. माझ्या खिशातच होता की बोळा! मैदानापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत फक्की सांडत आली आणि मला पत्ता नाही. शेजारच्या काकू ओरडल्या, "अरे, दुखवट्याच्या घरी दारात रांगोळी कसली?"

मी केरसुणी आणायला धावलो. तेवढ्यात आई बाहेर आली. रेघेकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "राहू दे रे. मैदानावरून याच वाटेने यायचा तो."

दिवेलागण होऊन गेली, जेवणंही झाली. आई अजून दार लावू देत नाही.