दोन रांगा मिरची आणि साहेबांचं पाणी

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? मी बरी आहे, म्हणजे चिडलेली आहे; आईच्या मते माझी तब्येत ठीक असल्याची ती एकच खूण आहे.

मी प्रयोगशाळेत नेमकं करते काय, असं तुम्ही विचारलं होतंत. विषाणूला झाडात वाढायचं तर स्वतःच्या आरएनएच्या प्रती काढाव्या लागतात. त्यातलाच एक तुकडा बनवून आम्ही आधीच पानांवर फवारतो. झाड तो ओळखून ठेवतं आणि खरा विषाणू शिरला की त्याचा आरएनए जुळवून जुळवून कातरत बसतं. (एवढं आमच्या संचालकांच्या डोक्यात घालायला अख्खा उन्हाळा गेला, आणि पावसाळ्यात ते वाहून गेलं.) या संचालकांना आम्ही पाठीमागे ‘शोकेस’ म्हणतो.

काचघरात मी मिरचीच्या दोन रांगा लावल्या. डावीवर आरएनए फवारला, उजवीवर नुसतं पाणी. मग दोन्हींच्या पानांना विषाणू चोळला. डावी रांग चार पिवळी पानं सोडली तर धडधाकट राहिली. उजवी चितकबरी, आक्रसलेली, बघवेना अशी. मामा, ती मरतुकडी रांग बघून मला आनंदाने रडू आलं. तिच्यावाचून डावीचं मोल कळणार कसं?

पण अनुदान समिती यायची होती. शोकेससाहेब पाहणीला आले आणि त्यांनी नाक मुरडलं. पाहुण्यांपुढे आजारी झाडं मांडणं म्हणजे संस्थेची अब्रू वेशीवर टांगणं, असं त्यांचं मत. मी जेवायला गेले तेवढ्यात त्यांनी उजवी रांग उपटून जाळायला लावली आणि रोपवाटिकेतली तुकतुकीत रोपं तिथे मांडली. मी परतले तेव्हा समिती दारात उभी.

समितीचे अध्यक्ष (चेहरा ज्ञानी, आत सगळा अंधार) दोन्ही रांगांपुढून हिंडले आणि थांबले. “उजवीकडची जास्त हिरवी दिसतात. यांना काय दिलंत?”

“पाणी,” मी म्हणाले. “आणि यांना रोगच दिलेला नाही. खरी रांग आत्ता जाळली.”

दुसऱ्या कुणालाही घाम फुटला असता. साहेब मंद हसले आणि म्हणाले, हे आमचं नवं औषध, अजून गुप्त आहे, म्हणून बाई पाणी म्हणतात. समितीने माना डोलावल्या, गुपित राखल्याबद्दल माझी पाठ थोपटली, आरएनएचं काम बंद केलं आणि नव्या औषधाला मंजुरी दिली. आता वर्षभर आम्ही शास्त्रोक्त पद्धतीने झाडांना पाणी घालणार. माळीबुवा विचारतात, मग इतकी वर्षं मला शास्त्रज्ञ का म्हणत नव्हता?

असल्या दगडांच्या हाताखाली कुणाही स्वाभिमानी माणसाने राहू नये. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. – पाण्याच्या प्रकल्पाची प्रमुख मला केलं आहे. मी हो म्हटलं. काचघराची किल्ली प्रमुखाकडे असते, आणि मी तिथे काय फवारते हे ओळखण्याची अक्कल कुणाला नाही.

आणखी एक – रांगेबरोबर माझा विषाणूही जळाला. राखीव साठा फ्रीजमध्ये होता, तो फ्रीज साहेबांनी समितीच्या सरबतासाठी रिकामा केला. तेव्हा मनावर दगड ठेवून लिहिते. तुमच्या गच्चीतली जी नक्षीदार पानांची खास मिरची तुम्ही शेजारीपाजारी वाटत असता, ती खास जात नाही मामा, तो हाच रोग आहे. एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून लगेच पाठवा. शेजाऱ्यांना मी काही कळू देणार नाही.